सुताराच्या लेकीने जोडलेलं कपाट

मी कपाट बोलतोय. व्याकरणाने पाहिलं तर मी 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण ज्याची दोन दारं एका रेषेत येणार की नाही, हेच पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरत नव्हतं, त्याने व्याकरणात फार खोल शिरू नये. तुम्ही सांभाळून घ्या.

इतर कपाटं जन्माला येतात ती कपाट म्हणूनच. माझा जन्म तुकड्यांत झाला. एका कारखान्यात भुसा आणि डिंक कालवून यंत्राखाली दाबला, त्याच्या फळ्या पाडल्या आणि वरून लाकडाच्या रेषांचं चित्र छापलेला कागद चिकटवला. लाकडाशी माझं नातं आहे, नाही असं नाही, पण लांबचं. मग यंत्राने अंगभर भोकं पाडली. प्रत्येक फळीवर एक अक्षर चिकटवलं. स्क्रू, खुंट्या, बिजागऱ्या वेगवेगळ्या पुड्यांत गेल्या, आणि सगळ्यात वर एक पुस्तिका ठेवली गेली.

त्या पुस्तिकेत शब्द एकही नाही. नुसती चित्रं. चित्रात एक टकलू माणूस मला एकट्याने जोडतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हसत असतो. त्याला घाम येत नाही, त्याचा स्क्रू गादीखाली जात नाही आणि त्याला सासरा नसतो.

मला मागवलं ते औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने. तिच्या घरात दोन खोल्या होत्या आणि कपाट एकही नव्हतं. कपडे खुर्चीवर, दाराच्या मागे, खिडकीच्या गजांना. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर. त्याचा गणवेश रोज सकाळी घरात कुठेतरी असे, पण कुठे ते शोधावं लागे. एकदा तो फ्रिजवर सापडला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग इतके दिवस कपाट का घेतलं नाही? तर त्याचं कारण तिचे वडील. ते सुतार. चाळीस वर्षं त्यांनी गावभराची दारं, पलंग, कपाटं केली. लेकीच्या लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुझं कपाट मी करणार. सागाचं. घाई करू नकोस." तिने घाई केली नाही. नऊ वर्षं केली नाही. आधी त्यांच्याकडे कामाची गर्दी होती. मग काम आटलं, कारण लोक माझ्यासारख्यांना घरी आणू लागले. मग दुकान बंद झालं आणि निवडून ठेवलेल्या सागाच्या फळ्याही दुकानाबरोबर गेल्या. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला. कपाटाचं वचन मात्र तसंच राहिलं, आणि वडील समोर असताना बाजारचं कपाट आणायचा तिला धीर झाला नाही. शेवटी तिने मला गुपचूप मागवलं.

दोन माणसांनी माझी दोन खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवली. ड्रायव्हर जिन्याच्या वळणावर उभा राहून हात हलवत होता. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, बास, आता सरळ घे." बोलण्यात मागे बस लावत असल्याचा थाट होता, पण माझा एकही कोपरा भिंतीला लागला नाही, हे मान्य करायला हवं.

आणि त्याच दिवशी फोन आला. वडिलांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. इथल्या दवाखान्यात. नंतर पंधरा दिवस मुक्काम लेकीकडे.

"आता हे कुठे लपवू?" ती म्हणाली.

"खाटेखाली," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांना वाकायची मनाई असणार ना. दिसायचं नाही."

तर अशा रीतीने मी खाटेखाली आडवा, आणि वरच्या गादीवर ज्यांचं दुकान माझ्यासारख्यांनी बंद पाडलं ते सुतारबाबा. डोळ्यावर काळा चष्मा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. दिवसातून चार वेळा थेंब. मी श्वास रोखून होतो. भुशाला श्वास नसतो म्हणतात, पण प्रसंग आला की येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "खाटेखाली काय आहे?"

"रद्दी," ड्रायव्हर म्हणाला.

"रद्दीला डिंकाचा वास येत नाही, जावईबापू. हा दाबलेला भुसा आहे."

लेकीने कप खाली ठेवला. "कपाट आहे, बाबा. मी मागवलंय. जोडायचं असतं."

बाबांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी करून देणार होतो की."

"हो. नऊ वर्षं झाली."

हे तिने रागाने म्हटलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. काळ्या चष्म्यातून बाहेरचं फारसं दिसत नसणार, तरी बघत बसले. मग विचारलं, "जोडणार कोण?"

"मी."

"तुला पेचकस धरता येतो?"

"तुम्ही कधी धरू दिलात?"

ड्रायव्हर लगेच उठला आणि कप विसळायला गेला. ते कप अजून भरलेले होते.

शेवटी करार झाला. तिच्या सुट्टीच्या दिवशी ती मला जोडणार. बाबांनी खुर्चीत बसायचं. हात लावायचा नाही आणि बोलायचंही नाही. संध्याकाळपर्यंत मी उभा राहिलो तर राहिलो. नाही तर मला परत पाठवायचं आणि पुन्हा म्हणून कपाटाचं नाव काढायचं नाही. माझ्यासाठी ही गोष्ट साधी नव्हती. उघडलेलं खोकं परत गेलं की त्याला सहसा दुसरं घर मिळत नाही. गोदामाच्या कोपऱ्यात ओल खात पडायचं, आणि ओल म्हणजे आमचा काळ.

सुट्टीचा दिवस उजाडला. नऊ वाजता खोकी उघडली आणि सव्वानऊला पहिला घोटाळा झाला. स्क्रू हरवू नयेत म्हणून ड्रायव्हरने सगळ्या पुड्या एकाच ताटात रिकाम्या केल्या. लांब स्क्रू, आखूड स्क्रू, बिजागरीचे, पाठीचे खिळे, सगळे एकत्र.

"हे काय केलंत?"

"एका ठिकाणी असलेलं बरं."

तिने पुस्तिका उघडली. तिला कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचता येतं, हा तिचा दुकानातला लौकिक. पण इथे अक्षरच नव्हतं. टकलू हसत होता. तिने ताटातले स्क्रू गोळ्या मोजाव्यात तसे सुरीच्या टोकाने वेगळे केले, लांबीप्रमाणे रांगा लावल्या. त्यात पाऊण तास गेला. खुर्चीतून एक खोकला आला.

"बाबा, खोकला झालाय का?"

"नाही."

"मग खोकू नका. डोळ्यावर ताण येतो."

करारात खोकण्याचा उल्लेख नव्हता, हे बाबांनी पुरतं ओळखलं होतं. तिने तळाची फळी उलटी लावली, कच्ची कड पुढे आणि कागद लावलेली मागे, तेव्हा ते खोकले. ड्रायव्हरने आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू पिळला आणि त्याचं टोक माझ्या बाजूच्या फळीतून पुटकुळीसारखं बाहेर आलं, तेव्हा दोनदा खोकले. ड्रायव्हरला ती भाषा लवकर कळली. रस्त्यावर हॉर्न ऐकून मागच्याच्या मनातलं ओळखायची सवय. "काहीतरी चुकलंय," तो हळूच सांगायचा. "मोठं आहे. दोनदा खोकले."

मग अकराचा गजर वाजला. काम थांबवून तिने हात धुतले, बाबांच्या डोळ्यात थेंब घातले आणि परत जमिनीवर बसली.

माझ्या सांध्यांची गंमत अशी. एका फळीत खिळ्यासारखा बोल्ट पिळायचा, त्याचं डोकं दुसऱ्या फळीत शिरतं, आणि तिथली गोल चकती अर्धा फेरा फिरवली की ती ते डोकं पकडते. पुस्तिकेत टकलू ती एका बोटाने फिरवतो. ती बाई पिळून पिळून दमली, पण चकत्या नुसत्या गरगर फिरत होत्या, पकडत नव्हत्या. एक पकडली तर दुसरी सुटायची. तिने दात ओठ खाल्ले. ड्रायव्हरने चकतीला हातोडीचा हलका ठोका दिला.

तो आवाज ऐकून बाबा खोकले नाहीत. सरळ बोलले. "बोल्ट पुरता आत गेला नाही. पोकळ वाजतंय."

"तुम्ही बोलायचं नव्हतं."

"नाही बोलत."

तिने मान खाली घातली आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासले. प्रत्येक बोल्ट दोन-दोन आटे बाहेर होता. एलन की, म्हणजे ती वाकडी सहाकोनी किल्ली, घेऊन तिने एकेक पुरता बसवला. मग चकती फिरवली. कट् असा छोटासा आवाज झाला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझीच दुसरी बाजू भेटली. काय वाटलं ते सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की तोवर मी सामान होतो.

दुपारी चारपर्यंत मी जमिनीवर पाठीवर पडलेला, पण बराचसा कपाट होतो. खाली चार बोटं उंचीची बैठक, पाठीला पातळ फळी, आत कप्पे. फक्त दारं लावायची राहिली होती. आता मला उभं करायचं. खोलीच्या मधून एक आडवी तुळई गेली होती, छताच्या बरीच खाली.

तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "बाबा, तुळईखालून उभं होईल ना?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. हा प्रश्न त्यांना चाळीस वर्षं लोक विचारत आले होते. त्यांनी मान तिरकी केली, एक नजर माझ्यावर टाकली, एक तुळईवर. "आरामात. दोन बोटं जागा राहील."

दोघांनी मला उचललं. अर्ध्यावर आलो, त्याच्याही वर आलो, आणि माझा वरचा कोपरा तुळईला जाऊन भिडला. पुढे जाईना. मागे सोडावं तर खाली ती उभी. ड्रायव्हर मला खांद्यावर पेलून वाकडा उभा राहिला.

"जोर लावा," ती म्हणाली.

"जोराचं काम नाही हे. बस पुलाखाली अडकली आहे."

"मग अशा वेळी काय करता?"

"चाकांतली हवा सोडतात. चार बोटं खाली बसली की निघते."

ती एकदम थांबली. "खाली घ्या," ती म्हणाली. "सावकाश. बैठक काढू."

मला परत आडवं केलं. तिने टेप काढला आणि या वेळी नजरेवर न जाता माप घेतलं. माझी उंची नव्हे. खालच्या मागच्या कोपऱ्यापासून वरच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. उभं करताना तेवढी जागा लागते. बैठकीसकट मी बसत नव्हतो. बैठक काढल्यावर अंगठ्याएवढी जागा राहत होती. बैठक सुटली आणि मी सरळ उभा झालो. तुळई माझ्या डोक्यावरून गेली. मग ड्रायव्हर खाली जाऊन शेजाऱ्याच्या गाडीचा जॅक घेऊन आला, खाली जाड फळी टाकली, आणि टायर बदलावा तसं मला एकेका अंगाने उचलून ती बैठक परत खाली सरकवली. माझ्या माहितीत जॅकवर चढलेलं कपाट मी एकटाच.

या सगळ्यात बाबा एकदाही खोकले नाहीत. हात मांडीवर. शेवटी म्हणाले, "माझा अंदाज कधी चुकला नव्हता."

ती त्यांच्याजवळ गेली. "एका डोळ्याने खोली कळत नाही, बाबा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"खोलीतच बसलोय सकाळपासून," बाबा म्हणाले, "तरी कळली नाही." आणि स्वतःच हसले. ती पण हसली. ड्रायव्हर हसला तेव्हा जॅक थोडा निसटला, म्हणून तो लगेच गंभीर झाला.

पण माझं दुखणं संपलं नव्हतं. दारं लावली तर डावं वर, उजवं खाली, मधे वर बोटभर फट आणि खाली एकमेकांवर चढलेली. हलवलं की मी डुगडुगत होतो. तिने बिजागऱ्या सैल केल्या, घट्ट केल्या, दार काढून परत लावलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. ती जमिनीवर बसली, एलन की बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला नाही समजत कुठे चुकतंय. सांगा ना."

"बोलू?"

"बोला."

"दोरा आण."

ती शिवणाचा दोरा घेऊन आली. "वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत धर. गाठ मार. आता तोच दोरा उलट्या कोपऱ्यांत धर." तिने धरला. दोरा अर्धं बोट कमी पडला.

"दारं सरळच आहेत," बाबा म्हणाले. "चौकट तिरकी आहे. आडवी असताना तू पाठीची फळी ठोकलीस, पण त्याआधी दोन्ही तिरकी मापं सारखी आहेत का बघितलं नाहीस. पाठ त्या तिरकेपणाला धरून बसलीय. खिळे काढावे लागतील."

चोवीस खिळे होते. मला पुढे ओढून ती मागे शिरली आणि पक्कडीने एकेक काढू लागली. खिळे काढताना, माझ्या पाठीमागून, बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता तेव्हा तिने विचारलं, "दादाला शिकवलंत. मला का नाही?"

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ.

"हाताला लागलं असतं तुझ्या."

"त्याच्या हाताला नव्हतं लागत?"

"लागायचं."

"तो आता मोबाईलची कव्हरं विकतो, बाबा."

"ठाऊक आहे." पुढचा खिळा निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "तू लहान असताना दुकानात यायचीस. रंध्यातून निघालेली भेंडोळी गोळा करायचीस. मी तुला घरी पाठवायचो. लोक काय म्हणतील म्हणून." आणि मग, "चुकलं माझं."

मागे पक्कड थोडा वेळ थांबली. नंतर पुन्हा सुरू झाली.

शेवटचा खिळा निघाला तसे बाबा खुर्चीतून उठले. "वाकू नका," मागून आवाज आला. "वाकत नाही. उभ्यानेच आहे." त्यांनी एक तळवा माझ्या वरच्या कोपऱ्यावर ठेवला. मी घाबरलो. या हातांनी सागवान जन्मभर गोंजारलं होतं. माझी चिकटवलेली साल त्यांना कशी वाटली असेल? त्यांनी अंदाजाने एक हलका रेटा दिला, करकर झाली आणि मी सरळ झालो. तिने दोरा धरला. दोन्ही मापं जुळली. "आता ठोक. आधी चार कोपरे."

दारं मात्र अजून केसभर वरखाली होती. बाबा म्हणाले, "रंधा असता तर घासलं असतं." तिने बिजागरीवरचे दोन छोटे स्क्रू दाखवले. "हा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, हा फिरवला की आत-बाहेर. वर-खाली करायला हे दोन सैल करायचे. चित्रात आहे." तिने फिरवला, दार हललं. बाबांनी चष्म्याआडून जवळ जाऊन पाहिलं. "पुन्हा कर," म्हणाले. तिने केलं. "हे बरंय. आमच्या वेळी असं असतं तर माझी निम्मी दारं वाचली असती."

दिवेलागणीला मी उभा होतो. ताटात चार स्क्रू उरले होते. ड्रायव्हरचा चेहरा पडला. तिने पुस्तिका काढून मोजलं. दोन जादाचे दिलेले होते. उरलेले दोन वरच्या कप्प्याचे निघाले, आणि तेव्हा कळलं की तो कप्पा नुसत्या विश्वासावर टेकला होता.

त्याला सहा वर्षं झाली. बाबांचे दोन्ही डोळे आता स्वच्छ आहेत. या इमारतीत कुणाकडे खोकं आलं की सुट्टीच्या दिवशी बाईला बोलावणं येतं, आणि बाबा इथे असले तर तेही जातात, आधी स्क्रू मोजायला लावतात. माझ्यावर त्यांनी प्रेम केलं असं मी म्हणणार नाही. येता-जाता दार उघडून मिटून बघतात, एवढंच.

आता ही मंडळी दुसऱ्या घरी चालली आहेत. शेजारी म्हणाले, "हे एकदा सोडवलं की परत जुळत नाही. भोकं सैल होतात. इथेच टाकून द्या." ते खोटं नाही. गेला आठवडाभर मी काळजीत होतो. बाबा काल आले. आगकाड्यांची टोकं उडवली, डिंकात बुडवून माझ्या सैल भोकांत भरल्या आणि म्हणाले, "वाळू दे. परत धरतील." बाईने प्रत्येक पुडी वेगळी बांधून वर नाव घातलं. ड्रायव्हरला ताटाजवळ फिरकू दिलं नाही.

आज सकाळी हमाल आला. फळ्यांवर हात फिरवत त्याने विचारलं, "सामान नीट सोडवलंय. घरात कोणी सुतार आहे का?"

बाबा दारातच उभे होते. "आहे," ते म्हणाले. "ती आत दोरी बांधतेय."

तर मंडळी, तुमच्या घरीही कुठे एखादं खोकं न उघडता पडलं असेल. त्यालाही उभं राहायचं आहे. पुड्या वेगळ्या ठेवा, पाठ ठोकण्याआधी तिरकी मापं घ्या, आणि कुणाला विचारावंसं वाटलं तर सकाळीच विचारा, चार वाजेपर्यंत थांबू नका. अजूनही बरंच सांगायचं होतं. पण माझी डावी बाजू जिन्यात पोचलीय, तळ ट्रकमध्ये गेलाय, आणि ज्या फळीने मी बोलतोय तिच्याकडेच तो हमाल आता हात चोळत येतोय.